चर्च ओस पडले म्हणून टाळ्या वाजवण्याआधी



गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. इंग्लंडमधले एक जुने दगडी चर्च. आत बाकडी नाहीत, पाद्री नाही. भिंतींवर रंगीत खुंट्या ठोकलेल्या आणि पोरेपोरी कमरेला दोर बांधून त्या भिंती चढताहेत. व्हिडिओ खोटा नसावा, कारण ब्रिस्टल शहरातले सेंट वेरबर्ग चर्च खरोखरच असे गिर्यारोहणाच्या सरावाचे केंद्र झालेले आहे. खाली आमच्याच पोरांच्या प्रतिक्रिया होत्या. "विज्ञान जिंकले." "धर्म संपला." आणि एकाने लिहिले होते, "तिकडे चर्च बंद पडताहेत आणि इकडे आपले काही लोक विहारासाठी वर्गणी मागत फिरताहेत."

ही शेवटची प्रतिक्रिया आमच्याबद्दल होती. वर्गणी मागत फिरणारे ते काही लोक म्हणजे आम्हीच. म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. हाच व्हिडिओ त्याच आठवड्यात दुसऱ्याही ग्रुपवर फिरत होता, जिथे धर्मांतरबंदीचे कायदे हवे म्हणून मोर्चे निघतात आणि गावाकडच्या प्रार्थनाघरावर दगड पडले की हसणारे इमोजी येतात. टाळी एकच, हात मात्र वेगळे. आपण टाळी वाजवताना शेजारी कोण उभा आहे हे बघायची सवय आंबेडकरी तरुणाला असायला हवी. मराठवाड्यात आणि नगर जिल्ह्यात ज्या लहानलहान चर्चमध्ये लोक बसतात ते कोण आहेत? बहुतांश आपल्याच महार-मांग घराण्यांतले. आजा-पणजाने गावकी सोडायला जो रस्ता दिसला तो धरला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्यांना आजही अनुसूचित जातीचा दर्जा नाही. बौद्धांना तो १९९० मध्ये मिळाला. त्यांच्या छपराला गळती लागली तर आपल्याला आनंद कशाचा?

आता मुद्द्यावर येऊ. इंग्लंडमधले चर्च ओस पडते आहे, हे खरे आहे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्क्यांवर आले; दहा वर्षांपूर्वी ते ५९.३ टक्के होते. 'कोणताही धर्म नाही' असे सांगणारे ३७.२ टक्के झाले. आणि जे ख्रिस्ती म्हणवतात ते तरी रविवारी जातात का? चर्च ऑफ इंग्लंड म्हणजे तिथले राजमान्य चर्च. राजा त्याचा प्रमुख. त्या चर्चची सरासरी साप्ताहिक उपस्थिती २०१९ मध्ये साडेआठ लाखांच्या आसपास होती. कोरोनानंतर ती आणखी कोसळली, मग थोडी सावरली आणि २०२३ मध्ये सुमारे ६ लाख ८५ हजारांवर आली. इंग्लंडची लोकसंख्या साडेपाच कोटींच्या वर आहे. हिशेब तुम्हीच करा.

पण "विज्ञान जिंकले" हे या आकड्यांचे उत्तर नाही. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हालाही सुरुवातीला तसेच वाटायचे. डार्विनचे पुस्तक १८५९ साली आले. त्यानंतर शंभर वर्षे इंग्लंडमधली चर्चे चालू राहिली. माणसे हळूहळू कमी होत गेली, पण खरा कडेलोट १९६० च्या दशकात झाला. त्या दशकात असे कोणते नवे विज्ञान आले होते? कॅलम ब्राउन नावाच्या इतिहासकाराचे म्हणणे असे की त्या काळात चर्चपासून बाया दूर झाल्या. आई, आजी, मोठी बहीण यांच्या जिवावर ते चर्च चालत होते. मुलाला आंघोळ घालून, केस विंचरून रविवारी घेऊन जाणारी तीच. तिने जाणे सोडले आणि पुढची पिढी गेली ती गेलीच. ब्राउनच्या म्हणण्यावर वाद आहेत, पण डेव्हिड वोआस आणि अलास्डेअर क्रॉकेट यांनी २००५ साली मांडलेला हिशेबही याच दिशेचा आहे. आईबाप दोघेही धार्मिक असतील तर मुलांपैकी साधारण निम्मी तशी राहतात, एकच असेल तर पाव, कोणीच नसेल तर जवळजवळ शून्य. म्हणजे बहुतेक माणसे वाद घालून, पुस्तके वाचून, ठरवून चर्चबाहेर पडली नाहीत. त्यांना कोणी आत नेलेच नाही.

आणि काहींना तर दारातूनच परत पाठवले. टाळ्या वाजवणाऱ्या मित्रांना हा भाग आम्हाला मुद्दाम सांगायचा आहे.

इंग्लंडमध्ये १८५१ साली मार्च महिन्यातल्या एका रविवारी सरकारने देशभरातल्या चर्चमध्ये आलेली डोकी मोजली. अशी सरकारी मोजणी एकदाच झाली. तिचा अहवाल लिहिणारा होरेस मान नावाचा अधिकारी होता. त्याने नोंदवले की कामगार वर्ग चर्चमध्ये दिसत नाही, आणि कारणे देताना बाकड्यांच्या भाड्याचाही उल्लेख केला. हो, भाडे. पुढची चांगली बाकडी श्रीमंत घराणी वर्षाच्या बोलीने भाड्याने घेत. काहींना दरवाजे असत. गरिबाला मागची फुकटची बाकडी, नाहीतर उभे राहणे. ज्या येशूने सुताराच्या घरी जन्म घेतला त्याच्या घरात सुताराला मागे बसवले जात होते. गावच्या देवळाची पायरी आणि हे बाकडे यांच्यातले नाते आपल्याला वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

विल्यम बूथ या तरुण प्रचारकाबद्दल असे सांगतात की नॉटिंगहॅममध्ये त्याने झोपडपट्टीतली फाटक्या कपड्यांची पोरे एका प्रार्थनागृहात नेऊन पुढच्या बाकड्यांवर बसवली, आणि त्याला बजावण्यात आले की असल्यांना मागच्या दाराने आणत जा. याच बूथने १८६५ मध्ये पूर्व लंडनच्या गलिच्छ वस्तीत काम सुरू केले, आणि १८७८ मध्ये त्याला 'साल्व्हेशन आर्मी' हे नाव मिळाले. आपल्याकडे तिला मुक्तिफौज म्हणतात. नगरचे बूथ हॉस्पिटल त्याच मुक्तिफौजेचे. कोरोनाच्या काळात त्या जिल्ह्यातल्या किती माणसांनी त्या दवाखान्याचे नाव घेतले, हे नगरच्या कार्यकर्त्यांना विचारा.

पुढे १९४८ मध्ये विंडरश नावाचे जहाज कॅरिबियन बेटांवरचे काळे कामगार घेऊन इंग्लंडला लागले. युद्धानंतर देश उभा करायला माणसे हवी होती, म्हणून नंतरही अशी जहाजे येत राहिली. त्यांच्यातले पुष्कळ लोक गावाकडे याच चर्चचे सभासद होते. तीच प्रार्थना, तेच पुस्तक. पहिल्या रविवारी ते चांगले कपडे घालून जवळच्या चर्चमध्ये गेले. तिथे काय झाले ते अनेकांच्या आठवणींत नोंदवलेले आहे. शेजारची गोरी बाई सरकून बसली. प्रार्थना संपल्यावर पाद्र्याने दारात हात मिळवला आणि फार नम्रपणे सुचवले की पुन्हा आला नाहीत तर बरे. आमच्या नेहमीच्या लोकांना अवघडल्यासारखे होते.

'नेहमीचे लोक' हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढे लागतील.

त्या परत पाठवलेल्या माणसांचे काय झाले? ती नास्तिक झाली नाहीत. त्यांनी घराच्या बैठकीत, भाड्याच्या शाळेत, बंद पडलेल्या सिनेमागृहात आपली चर्चे सुरू केली. नंतर नायजेरिया-घानाचे लोक आले, त्यांनीही तेच केले. लंडनच्या एकट्या सदर्क भागात अशी २४० काळ्या लोकांची चर्चे २०१३ च्या एका अभ्यासात मोजली गेली. गोदामात, गॅरेजच्या वर, औद्योगिक शेडमध्ये भरणारी. रविवारी तिथे बाळगाड्या ठेवायला जागा नसते. म्हणजे एकाच शहरात एका बाजूला राजाचे चर्च रिकामे आणि दुसऱ्या बाजूला गोदाम भरलेले. "धर्म संपला" म्हणणाऱ्याने हे कसे समजावून सांगायचे? चर्च ऑफ इंग्लंडने २०२० च्या फेब्रुवारीत आपल्या महासभेत विंडरश पिढीची माफी मागितली. सत्तर वर्षांनंतर. माफीचा ठराव चांगलाच आहे, पण ज्यांची माफी मागायची होती त्यांतले बरेच तोवर दफन झाले होते, आणि तेही दुसऱ्याच चर्चच्या पाद्र्याच्या हातून.

आता हे चर्च माणसे परत आणण्यासाठी बरेच काही करते. २००४ मध्ये पोर्ट्समथजवळच्या एका चर्चने 'मेसी चर्च' सुरू केले: आईबाप आणि मुले मिळून रंगकाम, चिकटवकाम, गाणी आणि शेवटी एकत्र जेवण. ते पुष्कळ देशांत पसरले. कुठे गिटार आली, कुठे कॉफीचे यंत्र आले. त्यातले काही आम्हाला दुकानाच्या सेलसारखे वाटते. गिऱ्हाईक आत यावे म्हणून बाहेर लावलेला फुगा. पण २००३ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागातून एक वेगळे काम निघाले, 'स्ट्रीट पास्टर्स' म्हणून. ते निघाले काळ्या ख्रिस्ती लोकांच्या पुढाकाराने, हे विशेष. शुक्रवार-शनिवारच्या रात्री चर्चचे स्वयंसेवक रस्त्यावर उतरतात. दारू पिऊन फुटपाथवर बसलेल्या पोराला पाणी देतात, भांडण सोडवतात, उंच टाचांच्या चपला हातात घेऊन काचांवरून अनवाणी चालणाऱ्या मुलीला साधी रबरी चप्पल देतात. "रविवारी चर्चला ये" ही त्या चपलेची किंमत नसते. आम्हाला विचाराल तर अख्ख्या इंग्लंडच्या चर्चमधली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ती रबरी चप्पल आहे.

आणि आणखी एक गोष्ट आहे, फार जुनी. तिथे 'पॅरिश' म्हणजे हद्द असते. चर्चच्या हद्दीत जो राहतो, तो रविवारी येवो न येवो, त्याला त्या चर्चमध्ये लग्न लावून घेण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्याच्या मयतीला उभे राहणे हे पाद्र्याचे कर्तव्य आहे. पाद्री फक्त सभासदांचा नसतो, हद्दीत राहणाऱ्या सगळ्यांचा असतो. तत्त्व इतके चांगले. पण बाकड्याला भाडे लावून आणि 'नेहमीच्या लोकां'ची सोय बघून त्या चर्चने आपलेच तत्त्व मोडले. आमच्या मते त्याचा कणा तिथे मोडला. बाकीची कारणे आहेतच: टीव्ही आला, मोटारी आल्या, १९९४ च्या कायद्याने मोठी दुकाने रविवारी उघडली. पण दुकान उघडले म्हणून उठून जाणारा माणूस आधीच बाकड्याच्या कडेला बसलेला असतो.

"हे सगळे ख्रिस्त्यांचे झाले, आपला काय संबंध?"

संबंध बाबासाहेबांनीच जोडून ठेवला आहे. १९५४ च्या डिसेंबरमध्ये ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. भारतात बौद्ध धम्म कसा रुजवायचा याचे एक निवेदन त्यांनी ब्रह्मदेशाच्या बुद्ध शासन कौन्सिलला दिले. त्यात काय आहे ते प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लावायला हवे. विहारात दर रविवारी सामुदायिक वंदना आणि तिच्यानंतर प्रवचन. गावोगाव फिरून धम्म सांगणारे आणि नव्या बौद्धांची विचारपूस करणारे प्रचारक. ते संसारी असले तरी चालतील, पण त्यांना वेतन द्या. प्रचारकांना शिकवणारी संस्था काढा. ही सगळी रचना त्यांनी डोळसपणे घेतली होती. ख्रिस्ती मिशनचे काम त्यांनी जवळून पाहिले होते, आणि ते भाबडेपणाने पाहिले नव्हते. 'दि कंडिशन ऑफ द कन्व्हर्ट' या निबंधात त्यांनीच भारतातल्या चर्चला कठड्यात उभे केले आहे की बाप्तिस्मा दिला पण जात गेली नाही, आणि धर्मांतरितांच्या ऐहिक दुःखासाठी चर्च लढले नाही. तमिळनाडूत त्रिचीच्या मेलापुदूर कब्रस्तानात दलित ख्रिस्त्यांची थडगी वेगळी ठेवणारी भिंत आहे. ती त्या निबंधाची साक्षीदार म्हणून उभीच आहे. म्हणजे बाबासाहेबांनी चर्चकडून रविवार घेतला, बाकड्याचे भाडे घेतले नाही.

(रविवारही तसा आपलाच. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी लढून १८९० मध्ये ती सुट्टी मिळवली. हे व्हॉट्सॲपवर विज्ञान जिंकवणाऱ्यांनी एकदा वाचावे.)

आता आमच्या विहाराबद्दल. गावाचे नाव देत नाही, कारण दिले तर भांडण गावाचे होईल आणि बाकीची गावे सुटतील.

मागच्या वर्षावासात आम्ही दर रविवारी विहारात जाऊन वहीत नोंद ठेवली. सकाळी नऊची वंदना. कधी नऊ माणसे, कधी अकरा, पाऊस असेल तेव्हा पाच. जवळजवळ सगळ्या आजी आणि मावश्या. पांढरी साडी, हातात मेणबत्ती. पुरुष म्हणजे वंदना घेणारे बौद्धाचार्य काका आणि आम्ही. याच विहारासमोर १४ एप्रिलला पाय ठेवायला जागा नसते आणि डीजेच्या आवाजाने खिडक्यांच्या काचा हलतात. विश्वस्त मंडळात मात्र सगळे पुरुष. जाणाऱ्या बाया, चालवणारे पुरुष. कॅलम ब्राउनचे पुस्तक वाचताना आम्हाला धडकी भरली होती ती याच कारणाने. या आजी गेल्या की काय होणार? त्यांच्या सुना का येत नाहीत? आम्ही घरोघर जाऊन विचारले. एकीने सांगितले, "दादा, रविवारी सकाळी नऊला मी दुसऱ्यांची भांडी घासत असते. साहेबलोक घरी असतात ना, रविवारी काम दुप्पट." तिचा नवरा सिक्युरिटीत, बारा तासांची पाळी. मुलगा पार्सल पोचवतो. आणि आमच्या बैठकीत ज्येष्ठ मंडळी म्हणतात, पिढी मोबाइलने बिघडली. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार आपल्या वस्तीतून कधीच निसटून गेला, आणि आपण वंदनेची वेळ बदलायला तयार नाही.

पण हे घरातले झाले. दाराबाहेरचे सांगायला जड जाते, तरी सांगतो.

एप्रिल २०२०. टाळेबंदी. विहारातून आम्ही धान्य वाटले: पाच किलो तांदूळ, डाळ, तेल, साबण. यादी मंडळाने केली होती, वस्तीतल्या घरांची. यादीप्रमाणे टोकन दिले, रांग लावली, तोंडाला फडके, हाताला सॅनिटायझर, सगळे कसे शिस्तीत. आमचे फोटोही आहेत. दुपारी नाल्यापलीकडच्या पालावरची एक पारधी बाई कडेवर पोर घेऊन फाटकाशी आली. यादी आमच्या हातात होती. तिचे नाव यादीत असणे शक्यच नव्हते. पिशव्या मोजून आणलेल्या. आम्ही तिला म्हणालो, "मावशी, उद्या या, बघू." ती काही बोलली नाही. आम्ही संध्याकाळी मंडळाशी बोललो, दुसऱ्या दिवशी वेगळी पिशवी बांधून पालावर गेलो. पाल उठलेले होते. तीन दगडांची चूल आणि राख तेवढी होती. ती पिशवी आम्ही परत आणून विहाराच्या कपाटात ठेवली.

आम्ही तिला हाकलले नव्हते. आम्ही फार नम्रपणे बोललो होतो. इंग्लंडचा तो पाद्रीही नम्रच होता.

तेव्हापासून आमचा आणि मंडळाचा वाद चालू आहे. त्यांचे म्हणणे आम्ही प्रामाणिकपणे मांडतो, कारण ती माणसे वाईट नाहीत. या विहाराची एकेक वीट त्यांनी मजुरीच्या पैशांतून बसवली आहे. ते म्हणतात, "आधी आपली माणसे तर येऊ द्या. घरचे उपाशी आणि तुम्हाला बाहेरच्यांना जेवण घालायचे आहे." ऐकायला हे बरोबर वाटते. पण इंग्लंडमध्ये हेच झाले. नेहमीच्या लोकांना सांभाळता सांभाळता नेहमीचे लोक म्हातारे झाले. घरचे आणि बाहेरचे अशी दोन कामे नसतातच. ज्या विहारात संकटात सापडलेल्या शेजाऱ्यासाठी काही घडत नाही, तिथे विशीतल्या मुलाने कशासाठी यायचे? फक्त गाथा पाठ करायला? गाथा यूट्यूबवर आहेत. तीच पोरे पूर आला की गळ्यापर्यंत पाण्यात उतरतात, रक्तदानाला रांग लावतात. त्यांना काम हवे आहे. आपण त्यांना सतरंजी देतो.

आकडे पाहायचे असतील तर २०११ ची जनगणना पाहा. देशात बौद्ध ८४ लाख, त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. दहा वर्षांतली बौद्धांची वाढ ६.१ टक्के, देशाची वाढ १७.७ टक्के. काही घट कागदावरची असेल, जातीच्या दाखल्याच्या भीतीने हिंदू लिहिणारे आपल्यात आहेत. पण ज्यांचे स्वप्न भारत बौद्धमय करण्याचे होते त्यांच्या अनुयायांचा टक्का देशात ०.७७ वरून ०.७० वर येतो, याचा अर्थ आपल्यात नवे कोणी येत नाही. येणार कसे? विहाराचे नाव बुद्धाचे आणि कारभार एका जातीचा, हे बाहेरच्याला फाटकावरच कळते.

"मातंग समाज येत नाही, आम्ही काय करू?" असेही म्हणतात. आपण बोलावले कधी? १ ऑगस्टला अण्णाभाऊंचा फोटो ठेवून हार घालतो, २ ऑगस्टला तो कपाटात जातो. २०२४ च्या १ ऑगस्टलाच सर्वोच्च न्यायालयाचा उपवर्गीकरणाचा निकाल आला. त्यानंतर आमच्या दोन वस्त्यांच्या ग्रुपवर एकमेकांबद्दल जे लिहिले गेले ते इथे लिहिता येणार नाही. दोन वस्त्यांमध्ये रस्ता एक, अंतर तीनशे पावले. उपवर्गीकरणाबद्दल कोणाचे मत काहीही असो, त्या संध्याकाळी दोन्हीकडच्या माणसांना समोरासमोर बसता येईल अशी एक तरी जागा हवी होती. जागा होती. तिला कुलूप होते आणि किल्ली अध्यक्षांच्या घरी.

यावर आमचे काही मित्र दुसऱ्या टोकाला जातात. ते म्हणतात, विहार वगैरे सोडा, वाचनालय काढा, संघटना बांधा, वंदना ही शेवटी कर्मकांडच. आम्ही स्वतः विहारातच अभ्यासिका चालवतो, त्यामुळे वाचनालयाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. पण बाबासाहेबांनी रविवारी सामुदायिक वंदना मागितली तेव्हा त्यांना कर्मकांड कळत नव्हते, असे म्हणायचे आहे का? माणूस एकटा विचार करू शकतो. बंधुता एकट्याने होत नाही. आठवड्यातून एकदा वेगवेगळ्या घरची, वेगवेगळ्या कामांची माणसे एका सतरंजीवर बसतात, कोणी आजारी आहे का ते कळते, कोणाची पोर शाळा सोडून बसली ते कळते. मोर्चात आपण सोबत असतो, पण मोर्चात हे कळत नाही. आणि १९५६ च्या १५ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा हिस्सा मागितला, तो याच कामासाठी. आज तो विसावा हिस्सा कोण काढतो? कढत असलो तरी तो डीजेला जातो की प्रचारकाच्या मानधनाला?

तर आमचा प्रस्ताव साधा आहे. विहाराच्या नियमावलीत एक ओळ आहे: सभागृह फक्त समाजबांधवांसाठी. तिच्या जागी दुसरी ओळ घाला: या परिसरात राहणाऱ्या कोणासाठीही. बारसे असो, शोकसभा असो, पोलिओचा डोस असो. हद्द ठरवा: नाल्यापलीकडचे पाल, मातंग वस्ती, वीटभट्टीवरची बिहारी कुटुंबे, आणि त्या गल्लीतली चार ख्रिस्ती घरेसुद्धा. त्या हद्दीत कोणी मेले, कोणाला मारले, कोणाची चूल पेटली नाही, तर विहाराला ते माहीत असले पाहिजे. त्यांनी त्रिशरण घ्यावे ही अट नाही. घेतले तर आनंद आहे. वंदना रविवारी रात्री आठला घ्या, म्हणजे भांडी घासून आलेल्या बायांना बसता येईल. विश्वस्तांत निम्म्या बाया घ्या. चालवतात त्याच, तर सहीही त्यांचीच असू द्या. आणि धान्याची यादी पुन्हा कधी करायची वेळ आली तर तिच्या खाली दहा रेघा रिकाम्या सोडा.

वेळेचा मुद्दा मंडळाने कुरकुर करत मान्य केला. दोन रविवार झाले, वंदना रात्री आठला होते. पहिल्या रविवारी तेवीस माणसे होती, दुसऱ्या रविवारी क्रिकेटची मॅच होती, चौदा आली. बायांचा मुद्दा "बघू" वर अडला आहे. सभागृहाच्या ओळीवर मात्र भांडण आहे, आणि अध्यक्ष काकांनी आम्हाला स्पष्ट सांगितले आहे की तुम्ही तिघे एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे.

आमच्या अभ्यासिकेत मातंग वस्तीतली एक मुलगी दोन वर्षांपासून येते. पोलीस भरतीची तयारी करते. गेल्या आठवड्यात नव्या वेळेचा कागद दारावर चिकटवत होतो तेव्हा ती मागे उभी राहून वाचत होती. तिने विचारले, "दादा, हे आमच्यासाठी पण असतं का?" दोन वर्षे ती त्याच दारातून आत-बाहेर करते आहे आणि तिला हे कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही.

आम्ही तिला आठची वेळ सांगितली. तिने आईलाही आणू का म्हणून विचारले. येत्या रविवारी वंदनेनंतर नऊ वाजता त्याच सतरंजीवर मंडळाची बैठक आहे आणि सभागृहाचा विषय अजेंड्यावर पहिला आहे. आम्ही दोघींनाही बैठकीला थांबायला सांगितले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!